बॉल आधी लागला होता

डिचोली, गोवा
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय बाय,

फोनवर तू "हं" आणि "बरं" याच्या पुढं जात नाहीस, म्हणून लिहायला बसलो. व्हॉट्सॲपवर माझं लांबलचक काही आलं की तू नुसता अंगठा पाठवतेस. कागदाची निदान घडी तरी उलगडावी लागते. तुझी आई म्हणते, शेवटपर्यंत वाचेल. बघू.

दिवाळीच्या पाडव्याच्या संध्याकाळचं बोलायचं आहे.

आपल्या हॉलमध्ये पोस्टातले काका, टॅक्सीवाले काका आणि मी. समोर टीव्हीवर फातोर्ड्याची फुटबॉल मॅच, आपला एफसी गोवा आणि सौदीचा अल नस्र. त्यांचा रोनाल्डो येणार नाही हे कळल्यापासून पोस्टातल्या काकांचं डोकं फिरलेलं. "चाळिशी गाठली तरी नखरे बघा! आमचे लोक ताप अंगात घेऊन खेळले." त्यावर तू आईस पॅक गुडघ्यावरून न काढता म्हणालीस, "काका, चाळिसाव्या वर्षी तो खेळतोय, कारण तो प्रत्येक मॅच खेळत नाही." काकांना उत्तर सुचलं नाही. खरं सांगतो, मलाही नाही. आपण दोन गोल खाल्ले होते. मग आपल्या ब्रायसननं एक मारला आणि दोघेही काका खुर्चीवरून असे उडाले की तुझ्या आजीला वाटलं शॉर्टसर्किट झालं. आजच्या पोरांत दम नाही म्हणून तासभर कुरकुरलेली हीच माणसं!

हाफटाइमला टॅक्सीवाल्यांनी तुला विचारलं, "मैदानावर कोणी मारलं होतं गं तुला?" तू म्हणालीस, "कोणी नाही. वळताना पाय रोवला गेला आणि गुडघा फिरला." ते म्हणाले, "कोणी मारलंही नाही, आणि नऊ महिने खेळ बंद?" तेवढ्यावर विषय संपला असता. पण मी हसत हसत बोललो, "आमच्या वेळी असल्या गुडघ्याला फडकं बांधून दुसरा हाफ खेळायचे."

तू भिंतीला हात लावत आत गेलीस. दारही आपटलं नाहीस. आपटलं असतंस तर बरं झालं असतं. भाऊबीज झाली आणि दुसऱ्या दिवशी तू पुण्याच्या बसमध्ये बसलीस. आजीनं बांधलेला फोवांचा, पोह्यांचा, डबासुद्धा इथंच राहिला.

आता माझं ऐक. आम्ही सगळंच खोटं सांगत नव्हतो. भातकापणी झाली की शेतातले खुंट पायानं दाबून मैदान व्हायचं, आणि ते खुंट मार्चपर्यंत पोटऱ्या सोलायचे. पावसाळ्यात तेच शेत म्हणजे चिखल. शिवणीचा चामड्याचा बॉल एकदा भिजला की नारळासारखा जड, आणि हेडिंग, म्हणजे डोक्यानं बॉल मारणं, चुकवलंस तर दुसऱ्या दिवशी वाड्यावर तोंड दाखवायची सोय नाही. नडगी वाचवणारे शिनगार्ड फिफानंच सक्तीचे केले १९९० साली. त्याआधी आम्ही पोफळीच्या विरीचे, म्हणजे झावळीच्या बुडाच्या जाड सालीचे, तुकडे कापून सॉक्समध्ये खुपसायचो. एका बाजूला खाणीचे ट्रक उभे, ड्रायव्हर टपावर बसून मॅच बघणार, आणि खाणीची ती लाल धूळ घामात मिसळून दोन्ही टीमचे शर्ट एकाच रंगाचे. पास चुकून विरुद्ध पार्टीला जायचा, तो काही सगळाच आमच्या अडाणीपणामुळं नव्हे.

आणि आम्हाला हे सगळं मोठं वाटायचं, कारण खेळणारे आपले होते. १९८३ मध्ये कोलकात्याला गोव्यानं बंगालबरोबर राज्याराज्यांची संतोष ट्रॉफी वाटून घेतली, आणि पुढच्या मोसमात मद्रासला पंजाबला हरवून ती एकट्यानं आणली. मी तेव्हा सतरा-अठराचा. ट्रान्झिस्टरला कान लावून बसलेलो. ब्रह्मानंद शंखवाळकर गोलवर आहे म्हटल्यावर छातीत जरा कमी धडधडायचं. त्याला पद्मश्री मिळाली २०२२ मध्ये. पोस्टातल्या काकांनी त्या दिवशी पोस्टात पेढे वाटले, जणू सख्ख्या भावाला मिळाली. त्या वेळचा फुटबॉलर सकाळी खाणीच्या कचेरीत किंवा बँकेत दिसायचा आणि संध्याकाळी मैदानात. त्याची आई कुठल्या बाजाराला जाते हेही आपल्याला ठाऊक. चांगला खेळलास तर नोकरी लागेल, हा सरळ हिशोब होता. म्हणून बापही पोरांना फारसे अडवत नसत.

पुढं क्लबांची राष्ट्रीय स्पर्धा, आय-लीग, सुरू झाली आणि पहिल्या सहाच्या सहा मोसमांची विजेतेपदं गोव्यात आली. धेंपो, चर्चिल, धेंपो, साळगावकर, धेंपो, चर्चिल. २००७-०८ पासून २०१२-१३ पर्यंत. हे तू पाळण्यात असल्यापासून पाठ केलंयस, मला माहीत आहे. एवढ्याशा राज्यातून तीन क्लब, आणि कोलकाता बघत बसलेलं. मग २०१४ ला आयएसएल ही नवी लीग आली, २०१६ ला गोव्याचेच साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. त्याआधी खाणी बंद पडल्याच होत्या. टॅक्सीवाल्या काकांचा ट्रक होता हे तुला आठवत नसेल. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या आणि ट्रक हप्त्यांसकट दारात उभा राहिला. ते आजच्या फुटबॉलवर चिडतात तेव्हा निम्मं त्या ट्रकवरच चिडलेले असतात. त्यांना एवढी सूट दे.

पण आजचा खेळ मवाळ झाला म्हणतो तेव्हा आम्ही त्याचे दिवसही नीट बघत नाही. यंदा तर आयएसएल कधी सुरू होणार हेच ठरत नाही. सराव करून तयार बसलेली पोरं, पुढं काय होणार कोणाला माहीत नाही. आम्हाला लागायचं ते मैदानात लागायचं, आणि महिन्याचा पगार कचेरीतून यायचा. टणक कोण, ते तूच ठरव.

हे सगळं खरं तर मी टाळाटाळ म्हणून लिहिलं. लिहायचं आहे ते वेगळंच.

मये गावच्या विंगरची, कडेनं धावणाऱ्या खेळाडूची, गोष्ट. लहानपणी झोपताना तू मागायचीस ती. १९८७ ची फायनल, आम्ही एक गोलनं पुढं, शेवटची दहा मिनिटं, आणि तो लेफ्ट विंगर सुटला होता. मग तुझे बाबा विजेसारखे आले, घसरले, बॉल गेला थेट नारळीच्या बागेत, आणि विंगर गेला हवेत. "आणि रेफ्री काय म्हणाला?" तू विचारायचीस. मी म्हणायचो, "रेफ्री काय म्हणणार? बॉल आधी लागला होता!" म्हणजे माझा गुन्हा नाही. तू टाळ्या वाजवायचीस. पुढं सगळ्या टेबलांवर, सगळ्या बारशा-लग्नांत ही गोष्ट मी सांगितली. परवा पाडव्यालाही टॅक्सीवाल्यांनी तीच सांगायला लावली असती, तू आत गेली नसतीस तर.

बॉल आधी लागला नव्हता, बाय.

बॉल त्याच्या पायापासून हातभर पुढं होता. मी मागून आलो. मला बॉल दिसतही नव्हता. त्याची पोटरी दिसत होती. त्याच्या थोडं आधी मी थ्रो-इनसाठी रेषेपाशी गेलो होतो, तेव्हा आमच्याकडचा एक मोठा माणूस, त्याचं नाव मी कधीच घेणार नाही, हळूच म्हणाला, "आतां तो उठपाक जायना." म्हणजे, आता तो उठता कामा नये. आजूबाजूची पोरं ओरडत होती, "मार रे ताका! सोडूं नाका!" ते ओरडणं नेहमीचंच, त्याला कोणी मनावर घेत नाही. पण हे हळू बोललेलं होतं. आणि मी एकवीस वर्षांचा होतो आणि मला त्या माणसाकडून शाबासकी हवी होती.

आवाज आला. तो मी तुला वर्णन करून सांगणार नाही. रेफ्रीनं पिवळं कार्ड दाखवलं, म्हणजे नुसती ताकीद. मागून मारणाऱ्याला सरळ लाल दाखवून बाहेर काढा, असं फिफानं बजावलं ते १९९८ च्या वर्ल्ड कपला. १९८२ च्या वर्ल्ड कपमध्ये इटलीच्या जेंटिलेनं एकट्या मॅराडोनाला एका मॅचमध्ये २३ वेळा पाडलं म्हणतात, आणि त्यालाही पिवळ्यावरच सोडलं होतं. आम्हा डिफेंडरांचा तो देव. मॅराडोनाचा फोटो सगळ्यांच्या घरात असायचा. माझ्या पेटीत जेंटिलेचा होता, वर्तमानपत्रातून कापलेला.

त्या विंगरला पिकअपच्या मागं घालून म्हापशाच्या हॉस्पिटलात नेलं. आम्ही जिंकलो. ढाल मिळाली, ती अजून तुझ्या आजीच्या कपाटावर धूळ खातेय. तो पुन्हा कधी खेळला नाही. मला हे दोन महिन्यांनी कळलं आणि मी त्याच्याकडे गेलो नाही. आधी लाज वाटली म्हणून, मग उशीर झाला म्हणून. आणि मग गोष्ट सांगायला सुरुवात केली होती म्हणून. एकदा "बॉल आधी लागला" म्हटलं की भेटायला जायचं कारणच उरत नाही.

तीन वर्षांमागं शिरगावच्या लईराईच्या जत्रेत दिसला. देवीचं व्रत धरलेला धोंड होता, हातात वेताची काठी, गळ्यात मोगऱ्याच्या माळा, आणि चालताना उजवा पाय किंचित बाहेर टाकतो. मी गर्दीत मागं सरकलो. त्यानंच ओळखलं. विचारलं, "खेळतंय मरे अजून?" मी म्हटलं, "नाही, आता गुडघे नाहीत." तो हसला. म्हणाला, "माझी नात खेळता." एवढंच. मग तो तळीकडे गेला, धोंडांच्या घोळक्यात.

तू वळताना पडलीस तेव्हा मी गाडी घेऊन मैदानावर आलो. तुझ्या चेहऱ्यावर जे होतं ते मी १९८७ मध्ये वर उभं राहून बघितलं होतं. म्हणून मी त्या दिवसापासून तुझ्याशी नीट बोलू शकत नाही, आणि म्हणून पाडव्याला ते फडक्याचं बोललो. फडकं बांधून खेळणारे होते, हे खोटं नाही. आमच्यातल्या दोघांनी तसं बांधून खेळून कायमचे पाय घालवले, हेही त्याच वाक्यात सांगायला हवं होतं. फिजिओ हा शब्दच आमच्या कानावर नव्हता. बर्फ सोड्याच्या दुकानातून आणायचा, आणि त्यातला निम्मा सोड्यातच जायचा.

आमचा सेंटर हाफ तुला माहीत आहे. गावात त्याच्यासारखं हेडिंग कोणाचं नव्हतं. आता तो कधीकधी घरचा रस्ता विसरतो, त्याचा मुलगा शोधायला निघतो. हेडिंगमुळंच झालं असं मी म्हणणार नाही, त्याचा बापही म्हातारपणी विसरायचा. पण ग्लासगोच्या डॉक्टरांनी स्कॉटलंडच्या जुन्या व्यावसायिक खेळाडूंचा अभ्यास केला, त्यात मेंदूच्या अशा आजारांनी मरण येण्याचं प्रमाण इतरांपेक्षा साडेतीन पट निघालं. २०१९ ची गोष्ट. मी हे पोस्टातल्या काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "तुजी इंटरनेट बंद कर." मग जरा वेळानं विचारलं, "आपण हेड किती मारायचो रे?"

काकांना २००४ ची आठवण मी मुद्दाम काढून दिली नाही. तेव्हा त्यांच्याच घरी आम्ही टीव्ही बघत होतो. ५ डिसेंबर, बेंगळुरू, फेडरेशन कपची फायनल, धेंपो आणि मोहन बागान. धेंपोच्या क्रिस्तियानो ज्युनियरनं दोन्ही गोल मारले. दुसरा मारताना गोलकीपरशी धडक झाली आणि तो पडला. काका म्हणाले, "उठेल, ब्राझीलचा आहे." तो उठला नाही, गेला. धेंपोनं त्याचा दहा नंबरचा शर्ट परत कोणाला दिला नाही. त्या रात्री काकांनी कप जिंकल्याचं एक अक्षर काढलं नाही.

तुझ्या गुडघ्याबद्दलही मी वाचलं. ते लिगामेंट, हाडं जोडून धरणारा पट्टा, बहुतेकदा कोणी न मारताच तुटतं, थांबताना, वळताना, उडी मारून उतरताना. मुलींना पुरुषांपेक्षा धोका जास्त. आणि ऑपरेशननंतर नऊ महिन्यांआधी मैदानात उतरलं तर पुन्हा तुटण्याची भीती कितीतरी वाढते. तू हे सगळं मला ऑगस्टमध्ये सांगितलं होतंस. मी ऐकत होतो, पण डोक्यात शिरत नव्हतं. टॅक्सीवाल्या काकांनाही समजावलं. त्यांनी उपमा शोधली: नवीन क्लच प्लेट टाकल्यावर लगेच घाटात लोड घ्यायचा नाही. त्यांचं समाधान झालं. तू हसशील म्हणून लिहिलं.

फोव खराब झाले, ते आईनं गाईला घातले. नवे कांडून आणलेत, आमच्या ओळखीचा एक बसवाला बुधवारी पुण्याला येतोय, त्याच्याबरोबर पाठवतो. सोबत गुडघ्याखाली ठेवायला आजीनं शिवलेली छोटी उशी आहे. तिला आकार नीट जमला नाही, पण तिला तसं सांगू नकोस.

आणि एक विचारायचं होतं. नाताळात तू येशील तेव्हा मला मयेला जायचं आहे. त्याचं घर तळ्याच्या रस्त्याला आहे, मी चौकशी केली. एकट्यानं जायला निघालो होतो गेल्या रविवारी. तळ्यापर्यंत गेलो, शहाळं प्यालो आणि परत आलो. त्याची नात कुठल्या जागेवर खेळते ते मला विचारता येणार नाही, तुला येईल. स्कूटरवर मागं बसलेलं तोवर चालेल का, तेवढं तुझ्या फिजिओला विचार. नाही म्हणाली तर टॅक्सीवाल्यांना सांगतो.

तुझा
बाबा