पोरगं शाळेतून गायब झालं की कळवायचं कोणाला?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नाशकात कुठेही कोयता निघाला आणि पकडलेल्यांत एखादं सतरा वर्षांचं पोरगं असलं की दुसऱ्या दिवशी ठरलेली चर्चा सुरू, वय 18 वरून 16 करा, धिंड काढा, यांना धाकच उरला नाही वगैरे. अहो पण 2015 च्या बाल न्याय कायद्यात ते आहेच की, 16 ते 18 मधल्या मुलाने खुनासारखा गुन्हा केला तर बाल न्याय मंडळ प्राथमिक मूल्यांकन करतं आणि खटला मोठ्यांसारखा चालवायला पाठवू शकतं. मला बोलायचंय ते त्याच कायद्यातल्या बाकीच्या पानांबद्दल, ती कोणी उघडतच नाही.

मी सिडकोत माध्यमिक शाळेत शिकवते. आमच्याकडे बऱ्याच पोरांचे आईवडील दोघंही अंबड नाहीतर सातपूरला कंपनीत, वडील सेकंड शिफ्टला, आई पॅकिंगला, घरात दुपारपासून कोणी नाही. नववीचं पोरगं आधी शनिवारी दांडी मारतं, मग आठवडाभर, मग आईचाच फोन येतो की मॅडम तो येतो ना हो शाळेत? आणि थोड्या दिवसांनी ते चौकातल्या बॅनरवर दिसतं. वर तिशीतला कोणीतरी भाई, वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा, आणि खाली शुभेच्छुक म्हणून चौकोनी फोटोत गॉगल लावून आमची अर्धी नववी ब! हा बॅनर बीट मार्शलला दिसतो, मनपावाल्यांना दिसतो, पुढाऱ्यांचं तर काय, त्यांचा स्वतःचाच फोटो असतो वरच्या कोपऱ्यात. गल्लीतल्या आशाताईला माहीत असतं घरात काय चाललंय, पोरं नशेच्या गोळ्या कुठून आणतात हे पानटपरीवर माहीत असतं. सगळ्यांना थोडं थोडं माहीत आणि एकत्र कोणी बसत नाही.

आता कायदा बघा. प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी असायला हवा, जिल्ह्याला विशेष बाल पोलीस पथक, त्यात दोन समाजसेवक, त्यातली एक बाई. जिल्हा बाल संरक्षण कक्ष वेगळा, बाल कल्याण समिती वेगळी, मुलांसाठीची हेल्पलाईन 1098 आहेच. किरकोळ गुन्ह्यात, आणि सोबत कोणी मोठा माणूस नसेल तर, मुलावर एफआयआर न करता डायरीत नोंद करून सामाजिक पार्श्वभूमी अहवाल मंडळाकडे पाठवायचा असतो. चांगलंच आहे हे, पण तो अहवाल लिहितात गुन्हा झाल्यावर, आणि त्यात जे लिहितात ना, शाळा सुटली, बाप दारू पितो, संगत वाईट, ते आम्ही चार महिने आधी तोंडी सांगितलं असतं, विचारलं असतं तर.

आणि कलम 83, अल्पवयीन मुलाला बेकायदा कामाला लावणाऱ्या मोठ्या माणसाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड. पोराला नशेचा माल विकायला लावलं तरी कलम 78 खाली सात वर्षांपर्यंत. 2023 मध्ये शिंदे गावात एमडी या ड्रगचा कारखाना सापडलेलं शहर आहे हे, त्यामुळे हे कलम शोभेचं नाही. पोलिसांनी पकडलेल्या भाईलोकांकडून ‘नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला’ असं वदवून घेतलं ती रील आम्ही पण बघितली, बरं वाटलं, पण त्या भाईलोकांपैकी किती जणांवर कलम 83 लागलं तेही एकदा पोलिसांनी सांगावं.

इंग्लंड-वेल्समध्ये 1998 च्या कायद्याने प्रत्येक स्थानिक कौन्सिलला पोलीस, प्रोबेशन, समाजसेवक, शिक्षण आणि आरोग्यवाले असं एक पथक बांधायला लावलं. तिथे कोठडीतली मुलं 2008 च्या सुमारास 3000 च्या आसपास होती, ती हल्ली 500 च्या खाली आलीयेत. सगळं श्रेय त्या पथकांचं नाही, पोरांना कोर्टात न नेता सोडवायचं धोरणही बदललं मधे, पण टेबल एकच होतं हे महत्त्वाचं.

आपल्याकडे मनपाची सहा विभागीय कार्यालयं आहेत, सिडको आणि सातपूरपासून सुरू करा. महिन्यातून एकदा मुख्याध्यापक, बाल कल्याण पोलीस अधिकारी, बाल संरक्षण कक्षाचा माणूस, मनपा दवाखान्याचे डॉक्टर एवढे बसले तरी पुष्कळ. फक्त अध्यक्ष पोलीस नको, आणि संभाव्य गुन्हेगारांची यादी तर अजिबात नको! ती यादी व्हॉट्सॲपवर फिरली की पोरगं कायमचं बाद, तसंही मुलाची ओळख उघड करायला कायद्याने बंदीच आहे. चर्चा गैरहजेरीवर करा, गुन्ह्यावर नको. पंधरा दिवस जो आला नाही त्याच्या घरी कोण जाणार, सेकंड शिफ्टच्या बापाला कधी गाठणार, आणि पोराला परत शाळेत जमत नसेल तर आयटीआयला किंवा बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरायला मदत कोण करणार.

तोवर निदान एक करा, आमच्या हद्दीतल्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याचं नाव आणि मोबाईल नंबर प्रत्येक शाळेच्या स्टाफरूममध्ये लावा, मला आजपर्यंत तो कोण आहे हे माहीत नाही.

– एक शिक्षिका, सिडको, नाशिक