डब्यात निघालेला दोरा

प्रिय पक्या,

आधी शिव्या घालून घे. झाल्या? दीड वर्षात आपला पत्रव्यवहार एवढाच की तू माझ्या वाढदिवसाला केकचं चित्र टाकलंस आणि मी खाली अंगठा टाकला. चूक माझीच आहे आणि तिचं कारण वहिनींचा तो चहा आहे हे तुलाही माहितीय, त्यावर पुढे येतोच. तब्येत ठीक. बीपीची अर्धी गोळी चालू झालीय, वजन विचारू नकोस. इथे तैवानात, शिंचूत, वारा सुटलाय, खिडक्या खडखडतायत, इथे रात्रीचा दीड वाजलाय म्हणजे तुमच्याकडे अकरा, आणि मला झोप येत नाहीये कारण गुरुवारी बाबांचा फोन आला होता.

बाबा म्हणाले, "अरे, तो तुझा आलीशानचा चहा, त्या डब्यात एक दोरा निघाला. पांढरा. टोकाला कागदाचा कपटा. कसला रे?"

मी म्हणलं, "पॅकिंगचा असेल."

ते म्हणाले, "हं."

आता हा "हं" तुझ्याशिवाय या पृथ्वीवर कोणाला कळणार नाही. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली हं म्हणजे हं, झोप. तिला बुरेटचा किस्सा माहीत नाही ना, त्यावरही येतो.

झालं असं. दिवाळीला यायच्या आधी मी बाबांसाठी खरा आलीशान, म्हणजे इथल्या आलीशान डोंगरावरचा ऊलाँग, अर्धवट आंबवलेला चहा, घेतला होता, आईशप्पथ. इथे चहा ६०० ग्रॅमच्या शेराने मोजतात, त्याचा पाव म्हणजे १५० ग्रॅम, सुंदर हिरवा डबा, इथले नऊशे डॉलर म्हणजे आपले अडीच हजार तरी. फोनवर बाबांना सगळं रंगवून सांगितलं, की बाबा हजार मीटरच्या वर उगवला तरच त्याला इथे उंच डोंगराचा चहा म्हणतात, म्हणजे आपलं महाबळेश्वरच धरा, आणि पान वळून घट्ट गोळी केलेली असते, पाण्यात पडलं की मूठ उघडावी तसं उघडतं, दोन पानं एक कळी देठासकट दिसते. बाबा खूश. आणि मग ऑफिसात प्रोजेक्ट पेटला आणि रात्रपाळ्या लागल्या आणि मी तो डबा फोडला. आधी एक चमचा, मग रोज. फ्लाइटच्या आदल्या रात्री बघतो तर तळाला चार गोळ्या. चहाचं दुकान बंद. उघडं फक्त चोवीस तास चालणारं सुपरमार्केट, आणि तिथे ऊलाँग फक्त पिशव्यांचा, आपण डिप-डिप म्हणायचो ना रेल्वेत, तसला. पंचवीस पिशव्यांचं एक खोकं, पिशवीत २ ग्रॅम, तीन खोकी घेतली, ७५ पिशव्या, बरोबर १५० ग्रॅम. हिशोब असा जुळला की मला वाटलं देवाचीच इच्छा दिसतेय. रात्री अडीच वाजता स्वयंपाकघरात बसून कात्रीनं पिशव्या कापल्या, पक्या. एकेक. दोरे, पिना, कपटे वेगळे केले. चौऱ्याहत्तर दोरे वेगळे केले असणार, कारण पंच्याहत्तरावा साताऱ्याला पोचला.

वर खोक्यावर बारीक अक्षरात उगमस्थान व्हिएतनाम. इथे बाहेरून येणाऱ्या चहात सगळ्यात जास्त व्हिएतनामचाच असतो, स्वस्त मिश्रणांत तो चालतो आणि त्यात वाईट काही नाही, झाडंसुद्धा बऱ्याचदा तैवानच्याच जातींची. पण तो आलीशान म्हणून विकला तर इथे रीतसर गुन्हा आहे, पेपरात नावं येतात. मी तर विकलाही नाही, स्वतःच्या बापाला दिला. यासाठी कलम कुठलं लागतं?

बरं, बाबांना तो आवडला! इथेच तर सगळा घोळ आहे. आई गेल्यापासून त्यांनी दुधाचा चहा सोडला तो सोडलाच, तू बघितलंयस, सकाळी नुसतं कोमट पाणी घेऊन पेपर वाचत बसायचे. आता पुन्हा सकाळी गॅस पेटतो. लॅबमधला जुना स्टॉपवॉच बाहेर काढलाय, थर्मामीटर काढलाय, आणि वही घातलीय. वही! पानांचे फोटो येतात मला. "२ मि. सौम्य. ३ मि. उत्तम, भाजल्या हरभऱ्याचा वास. ४ मि. २० से. कडसर, जीभ ओढली जाते." आणि एका पानावर खाली: "पान उघडताना दिसले नाही. चव मात्र चांगली."

हे वाचल्यावर मी त्या आठवड्यात दुकानात जाऊन परत खरा आलीशान आणला आणि शेजारी शेजारी करून बघितले, दोन कप, दोन्हीत ३-३ ग्रॅम, १५० मिली पाणी, बशी झाकून. आणि तुला खरं सांगतो, तुलाच सांगतो, खरा आलीशान बाबांना आवडला नसता. रंग फिकट पिवळा, पहिल्या घोटाला वाटतं काहीच नाही, फुलासारखा काहीतरी वास, लोणी कढवायला ठेवलं की सुरुवातीला येतो तसा थोडा, आणि गिळल्यावर घशातून मागाहून एक गोडी परत येते, इथले लोक त्याला हुई-गान म्हणतात आणि डोळे मिटून बसतात. बाबा म्हणाले असते, "पाणी चांगलं तापवलंयस." पिशवीतला तसा नाही. अर्ध्या मिनिटात तांबूस होतो कारण पान मोडलेलं, चुऱ्यातून सगळं भसाभस बाहेर येतं, फुटाणे, शेंगदाण्याची भाजकी सालं, मागे थोडं ओलं लाकूड. फुलबिल काही नाही. जास्त भाजलं की बारीकसारीक खोडी झाकल्या जातात, तेही असणार. पण प्यायला बरा लागतो रे. पावसात तर फारच बरा. खरा गोळीवाला पाच-सहा पाणी देतो आणि हा दुसऱ्या पाण्यालाच म्हातारा होतो एवढंच. आणि रात्री दोन पिशव्या अर्धा लिटर गार पाण्यात टाकून फ्रिजमध्ये ठेवल्या तर सकाळी इतका गोड लागतो की ऑफिसातल्या बाई विचारतात साखर घातलीस का. गार पाण्यात कडूपणा कमी उतरतो, बाकी जादू काही नाही.

तर माझं म्हणणं असं की मी फसवलं पण चवीत फसवलं नाही. बायको म्हणते हे वकिलासारखं बोलणं बंद कर. तुला काय वाटतं?

आता वहिनींचं. त्यांनी त्या दिवशी कौतुकानं ट्रेमध्ये कप, गरम पाणी आणि शेजारी ग्रीन टीची पिशवी ठेवली, आणि मी, तैवानहून नुकताच शिकून आलेला दीडशहाणा, म्हणलं की हे मोजे धुतलेलं पाणी आहे, पान गुदमरतं त्या पिशवीत. तू म्हणालास हळू बोल. मी आणखी मोठ्यानं बोललो. पडद्यामागून बशी जरा जास्तच जोरात ठेवल्याचा आवाज आला तो अजून माझ्या कानात आहे. आणि तू मला पोवई नाक्यापर्यंत सोडायला आलास तेव्हा वाटेत एक शब्द बोलला नाहीस, आणि मीही अडून बसलो की यात एवढं काय. तोच माणूस रात्री अडीचला कात्री घेऊन पंचाहत्तर मोजे कापत बसला होता हे वहिनींना सांग. हसल्या तर मला कळव. नाही हसल्या तरी कळव.

(पण पुण्याच्या खोलीवर तू माझ्या चहात आल्याऐवजी आंबेहळद किसून घातली होतीस ते मी विसरलेलो नाही. फिट्टंफाट नाही, फक्त नोंद.)

आमच्या टीममध्ये एक थोरल्या बाई आहेत, इथल्या शिंचू जिल्ह्यातल्याच, बेईपूच्या. त्यांना मी सगळं सांगून टाकलं, कोणाला तरी सांगायला हवं होतं. त्या पोट धरून हसल्या आणि म्हणाल्या की आमच्या गावचा चहा तर तुझ्याच नावाचा आहे. तिकडे उन्हाळ्यात चहावर तुडतुडे बसतात, हो, तेच तुडतुडे, तुझ्या मामांच्या आंब्याच्या मोहोरावर येतात त्यांच्या भावकीतले. पानाचा रस शोषतात, पान पिवळं पडतं, वाकडं होतं. एका शेतकऱ्यानं म्हणे ते खराब पान फेकायच्या ऐवजी चहा करून बाजारात नेलं, त्याला मधासारखा वास यायचा, भलताच भाव मिळाला, आणि गावात येऊन सांगितलं तर कोणी विश्वास ठेवेना, म्हणाले थापा मारतो. तेव्हापासून त्याचं नाव पोंगफुंग चा, म्हणजे फुशारकीचा चहा. त्यांच्या हक्का भाषेतला शब्द फुगण्यावरूनच आलाय. आता तोच चहा सगळ्यात महागड्या चहांत गणला जातो, आणि तुडतुडे यावेत म्हणून शेतकरी फवारणी करत नाहीत. मामांना सांग, चक्कर येईल त्यांना.

बाई म्हणाल्या तुझ्या वडलांना सांगून टाक. बाईंना बाबा माहीत नाहीत.

कारण ती बुरेट, बाबांच्या लॅबमधली मोजमापाची काचनळी. आपण अकरावीत फोडली, काचा कॉलेजमागच्या विहिरीत टाकल्या, दुसऱ्या बॅचची आणून लावली, आणि बाबांनी संध्याकाळी मोजून विचारलं, "एक कमी आहे का रे?" तू म्हणालास, "नाही सर." ते म्हणाले, "हं." आणि तेरा वर्षांनी, माझ्या लग्नात, सीमांतपूजनाच्या गडबडीत, तुझ्या हातात पेढ्याचा बॉक्स देताना तुझ्या कानात काय म्हणाले? "ती साडेतीनशेची होती." तेरा वर्षं, पक्या! तो माणूस "हं" म्हणतो तेव्हा फाइल बंद होत नाही, फाइल उघडते.

पण दुसरीकडे असंही आहे की हल्ली डाव्या कानाचं मशीन ते फोनवर काढून ठेवतात, आणि नुसतं ऐकू आलं नाही तरी "हं" म्हणतात. मी परवा म्हणलं बाबा इथे भूकंपाचा धक्का बसला, तर "हं, जेवलास का?" मग हा कुठला हं?

हे सगळं मी दोन दिवस गिळून होतो. आज संध्याकाळी दोन गोष्टी एकदम झाल्या म्हणून लिहायला बसलो. एक, वहीच्या नव्या पानाचा फोटो आला. त्यात तारखेखाली, चवीच्या नोंदींच्या वर, नेहमीच्या त्या सुबक अक्षरात: "दोरा, पांढरा, १ नग, ११.५ सें.मी." बस. पुढे मागे काही नाही. मोजलाय त्यांनी. दुसरी, माझ्या खात्यात पाच हजार रुपये आले, पेन्शनच्या खात्यातून, आणि मेसेज: "पुढच्या खेपेस दोन डबे. फुकट नको."

पैसे कसे परत करू? केले तर का म्हणून विचारतील. ठेवले तर मी खरोखरच तो पेपरातला माणूस झालो.

आणि येत्या रविवारी चार भिंतीच्या टेकडीवर त्यांच्याबरोबर फिरायला जाणारे चौघे घरी येणार आहेत चहा चाखायला. त्यातल्या कुणाचा तरी भाचा चहाच्या कंपनीत होता म्हणे. आणि यात माझं दुसरं पाप आहे, मी मागे शहाणपणा करून बाबांना सांगितलं होतं की चहा चाखायचं चक्क आयएसओ स्टँडर्ड आहे, ३१०३ नंबरचं, १०० मिलीला २ ग्रॅम, उकळतं पाणी, ६ मिनिटं. ते मुद्दाम कडक असतं, चहातले दोष उघडे पडावेत म्हणून. बाबांनी ते वहीत चौकटीत लिहून ठेवलंय. रविवारी त्याच पद्धतीनं करणार. पिशवीतला चुरा ६ मिनिटं म्हणजे काढा होईल रे, कडू जहर, आणि चौघांसमोर बाबा तोंडघशी पडतील, माझ्या जिवावर फुशारक्या मारून बसलेत ते.

तर तू रविवारी साडेसातला सहज गेल्यासारखा जा. तुला ते नाही म्हणणार नाहीत, माझ्यापेक्षा तूच लाडका आहेस आणि हे मी हेव्यानं म्हणत नाहीये, जरा म्हणतोय. पाणी उकळलं की गॅस बंद करायला लाव आणि दोन मिनिटं त्यांना बोलण्यात गुंतव, म्हणजे नव्वद डिग्रीच्या आसपास येईल. थर्मामीटर आहेच, ते स्वतःच बघतील. नळाचं घे, बोअरचं नको, वर तवंग धरतो. दोनशे मिलीला दोनच ग्रॅम. वर बशी. अडीच मिनिटांनी गाळ, फार तर तीन. आणि गाळणीतला चोथा चमच्यानं दाबायला कोणी गेलं तर हात धर त्याचा, सगळा तुरटपणा त्यातच असतो. दुसरं पाणी पाच मिनिटं चालेल, तिसरं कुणालाही देऊ नकोस, अब्रू जाईल.

आणि गाळणी उलटी करताना बाबांकडे बघ. त्यांनी चोथा भिंगाखाली धरला, किंवा तुझ्याकडे बघून चष्मा वर केला, तर मला लगेच कळव, मी रविवारीच फोन करून सगळं सांगतो, पाच हजारासकट. आणि नुसते पीत बसले, दुसरा कप मागितला, तर... तर काय ते मला अजून कळलेलं नाही. मार्चमध्ये येईन तेव्हा खरा आलीशान आणीनच, पण तो त्यांना आवडला नाही तर हा फरक कसा समजावू? पिशव्याच आणल्या, खोक्यासकट, दोऱ्यासकट, तर बरं होईल का? का तेही फारच झालं?

तुझं काय, कराडला बदली झाली असं बाबांकडून कळलं, रोजचं जाणं-येणं झेपतं का. चिमीची स्कॉलरशिपची परीक्षा झाली का, का व्हायचीय? काकूंच्या गुडघ्याचं विचारायचं राहूनच गेलं, ऑपरेशन केलं की अजून तेलच चोळतायत? तुझा तो प्लॉटचा वाद मिटला असेल असं धरून चालतो.

वहिनींना नमस्कार सांग, म्हणजे खरोखर सांग. मार्चमध्ये घरी बोलावलंत तर ट्रेमध्ये जे ठेवाल ते दोन कप पिईन, मोज्यासकट.

रविवारी साडेसात. आणि उत्तर लिही, अंगठा टाकलास तर परत दीड वर्ष बोलणार नाही.

तुझाच,
बाळ्या