लेकीला हंगाम संपला की पाठव

सांगली

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

मेकॅनिकलची पदवी घेऊन लेकीला वंगणाच्या कामात शिरायचंय, हे वाचून फार आनंद झाला. घरी कुणी ‘हे तर ऑइलमनचं काम’ म्हणत असेल, तर सांग की घर्षण आणि झिजेकडे दुर्लक्ष केल्यानं देशाचा केवढा पैसा जातो, हे ब्रिटनमध्ये पीटर जोस्ट यांच्या समितीनं १९६६ सालीच मांडलंय.

इकडच्या साखर कारखान्यांइतकी चांगली शाळा तिला कुठे मिळणार? ऊस पिळणाऱ्या मिलचा रोलर मिनिटाला जेमतेम चार-पाच फेरे घेतो, वर प्रचंड भार. त्या संथपणात तेलाचा पुरता थर तयारच होत नाही, म्हणून तिथं अतिशय घट्ट वंगण लागतं. त्याच आवारात टर्बाइन हजारो फेरे घेत असतो; त्याला व्हीजी ४६सारखं (हा तेलाच्या घट्टपणाचा दर्जा) पातळ तेल. असं का, हे तिला दोन्हीकडे हात लावून कळेल.

नव्या मुलांना मी आधी ग्रीसगन आणि वजनकाटा देतो. ६३१० क्रमांकाच्या बेअरिंगचा बाहेरचा व्यास ११० मिलिमीटर, रुंदी २७. दोन्हींच्या गुणाकाराला ०.००५ नं गुणलं की साधारण १५ ग्रॅम ग्रीस. मग गनच्या एका दाबात किती ग्रॅम येतं, ते काट्यावर बघायचं. सीलमधून बाहेर येईपर्यंत ग्रीस मारायची सवय सगळीकडे आहे. जादा ग्रीस घुसळून बेअरिंग तापतं, हे पोरांना पटायला वेळ लागतो. लिथियम आणि पॉलियुरिया या दोन वेगळ्या जातींचं ग्रीस डोळे झाकून एकत्र करायचं नाही, हेही तेव्हाच सांगतो.

त्यानंतर स्टोअर. पावसात उघड्यावर उभ्या ठेवलेल्या ड्रमच्या झाकणावर पाणी साचतं. दिवसा तेल तापतं, रात्री निवतं, आणि ते पाणी बुचातून आत ओढलं जातं. ड्रम छपराखाली आडवा ठेवायचा, दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नवाच्या जागी. एवढ्याशा गोष्टीनं गिअरबॉक्स वाचतात, आणि ती सांगणारा माणूस बहुतेक ठिकाणी नसतो. म्हणून मला ही पोरं हवीत.

वंगणाच्या कामातल्या प्रमाणपत्राची परीक्षा तिनं जरूर द्यावी, पण वर्षभर काम केल्यावर. चालू यंत्रातून, फिल्टरच्या आधी तेलाचा नमुना घ्यायला हात बसला, की तेलतपासणीच्या अहवालातले आकडे बोलू लागतात.

गळीत हंगाम संपला की मिल उघडतात. झिजलेली बेअरिंगं तेव्हाच बघायला मिळतात. तेव्हाच तिला पाठव. राहायला आमच्याकडेच. सेफ्टी शूज आणि व्हर्नियर बरोबर असू दे. वहिनींना नमस्कार सांग.

तुझाच मित्र