यादीत नाव आलं म्हणजे पोरगं गेलं असं नव्हे

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

एप्रिलच्या अखेरीस आपल्या क्रीडा पानावर एक चौकट होती. अमेरिकेतल्या १०६ तरुण बास्केटबॉलपटूंनी ‘कॉलेजला रामराम ठोकून’ एनबीएची, म्हणजे तिथल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगची, वाट धरली, अशी बातमी आणि शेवटी एक टोला, की डॉलर दिसल्यावर पदवीला कोण विचारतो! मी इंडियानात, वेस्ट लाफायेटला राहते. हे पर्ड्यू विद्यापीठाचं गाव. इथे हिवाळ्यात लोक थंडीच्या आधी बास्केटबॉलचं बोलतात. त्यामुळे ती चौकट वाचून गप्प बसवेना. जरा उशीर झाला, पण उशीर केला तेच बरं झालं, कारण मधल्या दीड महिन्यात त्या यादीचं काय झालं हेही सांगता येतं.

आकडा बरोबर होता, लावलेला अर्थ साफ उलटा. त्या १०६ जणांनी यंदाच्या, म्हणजे २०२५च्या ड्राफ्टसाठी (त्यात एनबीएचे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात) फक्त नावं दिली होती. त्यात परदेशी क्लबांत खेळणारी, अमेरिकेतल्या कॉलेजची पायरीही न चढलेली मुलं होती. उरलेल्यांना २८ मेच्या मध्यरात्रीपर्यंत नाव मागे घेऊन कॉलेजात खेळायची मुभा होती, आणि बऱ्याच जणांनी ती घेतलीही. शिवाय २०२१ साली अशी नावं ३५३ होती. यंदा १०६. म्हणजे बातमी करायचीच होती तर ती ‘पोरं थांबायला लागली’ अशी करायला हवी होती. (२०२१चा आकडा थोडा फुगलेला होता, हेही खरं. कोविडमुळे सगळ्यांना खेळायला एक वर्ष वाढवून मिळालं होतं, त्यामुळे कॉलेजची वर्षं संपून एरवी आपोआप ड्राफ्टमध्ये गेले असते त्यांनाही नाव द्यावं लागत होतं. तरीही उतार उतारच.)

मी पगारपत्रकं करते. आयुष्य त्यातच गेलं. आमच्या ऑफिसात दर वसंतात पैज लागते: अमुक खेळाडू जाणार की राहणार. पूर्वी कागदावर दोन रकाने असायचे. आता तीन असतात: जाणार, राहणार आणि तिसरा ‘राहणार, पण दुसरीकडे’, म्हणजे दुसऱ्या विद्यापीठात. या तिसऱ्या रकान्याने भल्याभल्यांची गणितं बिघडवली आहेत. ज्या सहकाऱ्यांना प्रत्येक खेळाडूची रीबाउंडची सरासरी तोंडपाठ आहे तेच या पैजेत जास्त हरतात, असं माझं निरीक्षण आहे. ते खेळ बघतात. बघायचा असतो करार.

अगदी वरच्यांबद्दल पैज लावण्यात अर्थ नाही. नियम असा, की ड्राफ्टच्या वर्षात खेळाडूला एकोणीस वर्षं पूर्ण व्हायला हवीत आणि शाळा संपून एक हंगाम उलटलेला हवा. २००६पासून हे चालू आहे. म्हणून ड्यूक विद्यापीठाचा कूपर फ्लॅग एक वर्ष कॉलेजात खेळला आणि निघाला. तो थांबेल असं कोणीच लिहिलं नव्हतं. पर्ड्यूचा जेडन आयव्ही २०२२ला दोन वर्षांनी गेला, पाचव्या क्रमांकावर डेट्रॉइटने घेतला, तेव्हाही कोणाची झोप उडाली नाही. खरी गंमत साधारण विसाव्या क्रमांकापासून खाली आहे.

तिथे माझ्यासारखीला हात घालता येतो, कारण एनबीएचं पगारपत्रक अख्ख्या जगाला वाचता येतं. ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतल्या तीस क्रमांकांपैकी प्रत्येकाला ठरलेली रक्कम. पहिली दोन वर्षं पक्की, तिसऱ्या-चौथ्या वर्षाचा निर्णय संघाच्या हातात. गेल्या हंगामात तिसाव्या क्रमांकालाही वर्षाला सुमारे २५ लाख डॉलर मिळाले. पण तिसावा आणि एकतिसावा यांच्यामध्ये खाई आहे. दुसऱ्या फेरीत पगाराची हमी नियमाने मिळत नाही, ती वाटाघाटीत मिळवावी लागते. अनेकांच्या पदरी टू-वे करार पडतो, म्हणजे अर्धा वेळ मुख्य संघाबरोबर आणि अर्धा वेळ दुय्यम जी लीगमध्ये. गेल्या हंगामात त्याचे ५ लाख ७८ हजार डॉलर होते. तोही नाही मिळाला तर नुसत्या जी लीगचे चाळीस-पंचेचाळीस हजार, आणि पहाटेची विमानं.

आता दुसरी बाजू. १ जुलै २०२१पासून कॉलेजच्या खेळाडूंना स्वतःचं नाव आणि चेहरा वापरून पैसे कमावता येतात. इकडे त्याला एनआयएल म्हणतात. त्यात या ६ जूनला न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी कॉलेजच्या खेळाडूंनी लढवलेल्या हाउस खटल्यातली तडजोड मंजूर केली. त्यामुळे येत्या १ जुलैपासून विद्यापीठं स्वतःच्या तिजोरीतून खेळाडूंना पैसे देऊ शकतील, पहिल्या वर्षी सगळे खेळ मिळून २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. बहुतेक ठिकाणी त्यातला मोठा घास अमेरिकन फुटबॉल घेणार, हे सांगायला नको. तरी मोठ्या विद्यापीठांत बास्केटबॉलच्या चांगल्या खेळाडूला वर्षाला दहा लाखांच्या वर मिळतात, असं उघड बोललं जातं.

बोललंच जातं, कारण हा रकाना कोणी दाखवत नाही. एका बाजूचा पगार डॉलरपर्यंत छापलेला, दुसऱ्या बाजूचा कुजबुजीतला. अंदाज चुकतात ते इथे. अमुक खेळाडू पस्तिसाव्या क्रमांकाच्या आसपास जाईल हे चार जाणकार सांगतात, पण त्याला विद्यापीठाने काय कबूल केलंय हे त्याचा एजंट, प्रशिक्षक आणि आई एवढ्यांनाच माहीत असतं. मे महिन्यात ‘खेळाडू द्विधा मनःस्थितीत’ अशी बातमी आली, की मी समजते, आकडा वाढवायचं चाललंय. यात मला तरी काही वावगं दिसत नाही. आपण नोकरी बदलताना दुसरं काय करतो?

यंदाचीच दोन नावं घ्या. यॅक्सेल लेंडेबोर्ग अलाबामात, बर्मिंगहॅमच्या विद्यापीठाकडून खेळत होता. त्याने ड्राफ्टला नाव दिलं आणि त्याच सुमारास मिशिगन विद्यापीठाला होकारही कळवला. शिकागोच्या चाचणी शिबिरात जाऊन आला, पहिल्या फेरीच्या कडेवर लटकतोय असं सगळे म्हणत होते, आणि मुदत संपता संपता त्याने नाव काढून घेतलं. वर्तमानपत्रांनी लिहिलं, ‘लेंडेबोर्ग कॉलेजात परतला’. परतला कुठे? मिशिगनकडून तो एक मिनिटही खेळलेला नव्हता. दुसरा सेड्रिक कावर्ड. वॉशिंग्टन स्टेटकडून गेल्या हंगामात सहा सामने खेळून खांद्याच्या दुखापतीने घरी बसला. त्यानेही ड्राफ्टला नाव दिलं, त्यानेही दुसऱ्या विद्यापीठाला, म्हणजे ड्यूकला, होकार दिला. दोघांची कागदावरची स्थिती एकसारखी. फरक पडला शिकागोत. कावर्डच्या हातांचा पल्ला मोजला, त्याची नेमबाजी पाहिली, आणि संघांच्या भुवया वर गेल्या. तो ड्राफ्टमध्येच राहिला. एप्रिलमध्ये या दोघांबद्दल छातीठोकपणे सांगणारा मला अजून भेटायचाय.

आता तुम्ही म्हणाल, बाई सगळं पैशावर आणते. तर नाही, आणि याचं उत्तर आमच्याच गावात आहे. झॅक एडी. टोरांटोचा, सात फूट चार इंच. २०२३ला तो देशातल्या कॉलेजांत सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि त्याच मार्चमध्ये कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत आमचा अव्वल मानांकनाचा संघ पहिल्याच सामन्यात फेअरली डिकिन्सन या सोळाव्या, म्हणजे तळाच्या, मानांकनाच्या संघाकडून ६३-५८ असा हरला. पुरुषांच्या स्पर्धेत अव्वल मानांकिताची अशी फजिती त्याआधी एकदाच झाली होती. गावात चार दिवस सुतक होतं. एडीने ड्राफ्टला नाव दिलं. एनबीएवाल्यांना तो जुन्या काळाचा, जड पायांचा सेंटर वाटत होता, दुसऱ्या फेरीच्या वर त्याला कोणी धरत नव्हतं.

ऑफिसात सगळे म्हणत होते, इथे त्याला जाहिरातींचे बक्कळ मिळतील, तो थांबेल. थांबेल हे मलाही वाटत होतं, पण जाहिरातींचं ऐकून हसू आलं. एडी विद्यार्थी व्हिसावर होता. एफ-वन व्हिसावर अमेरिकेत असल्या कामाचे पैसे घेणं म्हणजे व्हिसावर पाणी सोडण्याची तयारी. केंटकी विद्यापीठाचा ऑस्कर चिब्वे काँगोतून आलेला. त्यालाही हीच अडचण होती, म्हणून २०२२च्या ऑगस्टमध्ये संघ बहामाजला खेळायला गेला तेव्हा त्याने जाहिरातींची कामं तिथे उरकली. अमेरिकन सहकाऱ्यांना हे पटवायला मला बराच वेळ लागला. त्यांना व्हिसा म्हणजे विमानतळावरचा शिक्का वाटतो. मी या देशात एच-फोरवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसाच्या शेपटीला बांधून आले. हातात पदवी असून तेव्हा नोकरीची परवानगी नव्हती. हा रकाना मला कोणी शिकवावा लागला नाही.

त्या वर्षीच्या ३१ मेच्या रात्री, मुदत संपायला थोडा वेळ उरला असताना, एडीने परत येतो असं जाहीर केलं. पैसा इथे कमी आणि तिथे अनिश्चित, अशा स्थितीत तो स्वतःचा भाव वाढवायला थांबला, आणि बहुधा तो ६३-५८चा आकडाही त्याला टोचत असणार. पुढच्या हंगामात तो पुन्हा सर्वोत्तम ठरला, पर्ड्यू अंतिम फेरीत जाऊन कनेक्टिकटकडून हरलं, आणि मेम्फिसने त्याला नवव्या क्रमांकावर उचललं. पहिल्या वर्षाचा पगार ५८ लाख डॉलरच्या आसपास.

सगळ्यांचं असं होत नाही. ओहायो स्टेटचा जॅरेड सलिंजर २०११ला पहिल्या काही क्रमांकांत जाईल असं म्हटलं जात असताना थांबला. वर्षभरात पाठीच्या तक्रारी निघाल्या आणि तो एकविसाव्या क्रमांकावर घसरला. थांबणं हाही जुगारच असतो. वय वाढतं, आणि एनबीएला विशीतल्या मुलापेक्षा एकोणिशीतला अधिक गोड लागतो. म्हणून मी प्रत्येकाची जन्मतारीख आधी पाहते, गुण नंतर.

आणखी एक. खेळाडू इन्स्टाग्रामवर जे लिहितात ते नीट वाचावं. देव, आईवडील, प्रशिक्षक, चाहते असे आभार मानून झाले, की शेवटच्या ओळीत ‘कॉलेजची पात्रता राखून’ असं असेल तर तो अजून दारातच उभा आहे. ते शब्द नसतील आणि एजंटचं नाव असेल, तर गेला. तुमच्या चौकटीतल्या मंडळींच्या घोषणा कोणी वाचल्या असत्या तर रामराम ठोकल्याचं लिहिलंच नसतं.

राहता राहिला पदवीवरचा टोला. पदवी कुठे पळून जात नाही. खेळून झाल्यावर परत येऊन ती पूर्ण करणारे पुष्कळ आहेत. एकोणीस वर्षांचा मुलगा गुडघे शाबूत आहेत तोवर कमवायला गेला तर तो लोभी, आणि चालू करार मोडून, जास्त पगारावर दुसऱ्या विद्यापीठात जाणारा पन्नाशीचा प्रशिक्षक मात्र ‘नवं आव्हान स्वीकारतो’. तुमच्या पानावर दुसऱ्या प्रकारचं वाक्य मी अनेकदा वाचलं आहे.

२५ जूनला ब्रुकलिनमध्ये ड्राफ्टची पहिली फेरी आहे. तेव्हा तरी नाव दिलेले किती, मागे घेतलेले किती आणि निवडले गेलेले किती, असे तीन आकडे शेजारी शेजारी छापावेत ही विनंती. मागे घेतलेल्यांपुढे ते कोणत्या विद्यापीठात गेले हेही लिहिलंत तर आमच्या तिसऱ्या रकान्याची सोय होईल. कावर्ड पहिल्या फेरीत जातो असं मी ऑफिसच्या कागदावर लिहून ठेवलं आहे.

आपली,
एक जुनी वाचक
वेस्ट लाफायेट, इंडियाना
जून २०२५