दाखला टाकीचा मिळाला, मातीचा कुठे आहे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या गावाच्या वेशीवरचा पेट्रोल पंप बंद होऊन बरीच वर्षं झाली. गेल्या पंधरवड्यात तिथल्या जमिनीखालच्या टाक्या क्रेनने वर काढल्या. मी रोज संध्याकाळी त्याच रस्त्याने फिरायला जातो. पहिल्या दिवशी लांबूनच उग्र वास आला. जवळ जाऊन पाहिलं, तर आमच्याकडचा तांबूस मुरूम टाकीच्या बुडाशी काळपट राखाडी पडला होता. दुसऱ्या दिवशी तोच मुरूम ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरत होते. ‘कुठं नेताय?’ विचारलं, तर ड्रायव्हर म्हणाला, ‘नवीन घर बांधतायत, जोत्यात भर घालायला.’ तिसऱ्या दिवशी खड्डा बुजला.

मातीचा नमुना घेतला का, अशी चौकशी केली. जागामालकाने टाकी वायुमुक्त केल्याचा दाखला दाखवला. तो हवाच. रिकाम्या टाकीतल्या वाफेचा स्फोट होतो, आत उतरलेला माणूस गुदमरतो. म्हणूनच त्याबाबतचे पेट्रोलियम नियम कडक आहेत आणि नागपूरला मुख्यालय असलेली ‘पेसो’ ही पेट्रोलियम व स्फोटकांच्या सुरक्षेची केंद्रीय संस्था त्यावर लक्ष ठेवते. पण तो दाखला टाकीचा होता. खालच्या मातीबद्दल कोणाकडेच कागद नव्हता.

खड्डा उघडा असतो ते दोन-तीन दिवसच खरे मोलाचे. तेव्हा टाकीच्या दोन्ही टोकांखालून, खड्ड्याच्या चारही बाजूंतून आणि पाइपच्या सांध्यांखालून नमुने घ्यायचे. ते काचेच्या बरणीत काठोकाठ भरून, घट्ट बंद करून, बर्फात ठेवून प्रयोगशाळेत न्यायचे. प्लॅस्टिकच्या पिशवीत चार मुठी माती नेली, तर पेट्रोलमधलं बेंझीन हे विषारी रसायन वाटेतच उडून जातं आणि अहवाल ‘स्वच्छ’ येतो. उन्हात पडलेल्या ढिगाचंही तेच. वास गेला म्हणजे माती शुद्ध झाली असं लोक समजतात, पण डिझेलचा जड भाग मागे तसाच राहतो. शिवाय पंप जुना असेल तर शिसंही तपासायला हवं, कारण देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं ते २००० साली. शिसं उडून जात नाही.

आपल्याकडे खाली काळा पाषाण आहे. गळलेलं इंधन त्याच्या भेगांतून वाट काढतं, त्यामुळे शेजारची विहीर चांगली आणि पलीकडची बिघडलेली, असंही घडू शकतं. पेट्रोल पाण्यावर तरंगतं. पावसाळ्यात भूजल वर आलं की तेही वर येतं आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की मधल्या थरातल्या मुरमाला चिकटून राहतं. म्हणून विहिरींची तपासणी उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा, अशी दोनदा व्हायला हवी. बेंझीनने कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम ठेवली आहे. दहा हजार लिटरच्या दहा टँकरांत मिळून एक ग्रॅम, एवढी ती कमी आहे. चेन्नईच्या तोंडियारपेठेत २०१३ मध्ये पाइपलाइन गळून लोकांच्या बोअरवेलमधून इंधन येऊ लागलं होतं. तेवढी वेळ येईपर्यंत आपण थांबायचं का?

केंद्राने जुलै २०२५ मध्ये दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. संशयित जागा स्थानिक संस्थेने किंवा जिल्हा प्रशासनाने कळवायची आणि राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक पाहणी करायची, अशी त्यात तरतूद आहे. नियमाचं मी मनापासून स्वागत करतो. पण आमचा खड्डा तीन दिवसांत बुजला!

म्हणून माझी मागणी अशी, की जुन्या पंपाच्या जागेवर बांधकामाची परवानगी देताना नगरपालिकेने किंवा ग्रामपंचायतीने मातीचा अहवाल मागावा. तो येईपर्यंत उपसलेला ढीग खाली ताडपत्री अंथरून आणि वरून ताडपत्रीने झाकून जागेवरच ठेवावा. माती दूषित निघाली तर ती तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी अशा घातक कचऱ्याच्या केंद्रांकडे जावी आणि तो खर्च जागेवर धंदा केलेल्यांनी सोसावा. ट्रॅक्टरवाल्याला आणि घर बांधणाऱ्याला यातलं काहीच माहीत नसतं. त्यांना दोष देता येणार नाही.

त्या घराच्या जोत्यावर अजून फरशी बसलेली नाही. तालुक्याच्या अधिकाऱ्यांनी या आठवड्यात येऊन तिथला मुरूम आणि पंपालगतच्या दोन विहिरींचं पाणी तपासून घ्यावं. कोणत्या ट्रॉल्या कुठे रिकाम्या झाल्या ते मी सोबत येऊन दाखवीन.

– एक निवृत्त विज्ञान शिक्षक, जि. सातारा