डॉन हॉपकिन्स यांस, एका पाकिटाबद्दल

स. न. वि. वि.

तुमची-माझी ओळख नाही आणि हे पत्र मराठीत आहे, तेव्हा ते तुमच्यापर्यंत पोचेलच असं नाही. तरी लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माझी आई कीर्तनं करायची. तिची आख्यानं जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप करून ठेवली होती. ती गेल्यावर फाइली उघडल्या तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची नुसती खिचडी. ज्यांनी पैसे घेऊन तो फॉन्ट विकला होता, ते म्हणाले, "ते व्हर्जन बंद झालं, नवीन पॅकेज घ्या." पुढे तर फोन उचलणंही सोडलं.

अखेर सगळं वाचवलं एका फुकट कन्व्हर्टरने. कुणीतरी लिहिलेला, जीपीएल नावाच्या परवान्याखाली वाटलेला. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, आजच्या सर्वमान्य युनिकोड पद्धतीत नंतर. ती जागेवर आणली दुसऱ्याच कुणी. तिसऱ्याने रफार बसवला, नाहीतर आईचा प्रत्येक 'पूर्वरंग' मोडून पडला असता. या तिसऱ्याला सुधारलेला कन्व्हर्टर कुलूप लावून विकता आला नसता. विका खुशाल, पण ज्याला द्याल त्याला सोर्सही, म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूरही, द्या आणि तुम्हाला मिळाली तीच मोकळीक द्या, अशी अट आहे.

ही अट प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांची. १९८३मध्ये त्यांनी मोकळ्या सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, १९८९मध्ये जीपीएल आलं. मधे, १९८४ किंवा ८५ साली, तुम्ही त्यांना एक पत्र पाठवलंत. पाकिटावर गमतीची वाक्यं खरडली होतीत, त्यातलं एक: 'कॉपीलेफ्ट – ऑल राइट्स रिव्हर्स्ड', म्हणजे कॉपीराइटच्या 'ऑल राइट्स रिझर्व्ड'ची उलटापालट. स्टॉलमन यांनी या अटीमागच्या आपल्या कल्पनेला 'कॉपीलेफ्ट' हेच नाव दिलं. आत काय लिहिलं होतंत मला माहीत नाही, पण पत्र टाकताना पाकिटावरही चार ओळी गंमत करावीशी वाटणं, हेच मला फार आवडलं. सरकारी लखोट्यासारखं कोरं पाकीट गेलं असतं तरी पत्र पोचलंच असतं की!

(१९७६मध्ये ली-चेन वांग यांनी आपल्या टायनी बेसिक या प्रोग्रॅमवर 'कॉपीलेफ्ट, ऑल राँग्ज रिझर्व्ड' असं छापलं होतं, हेही ठाऊक आहे. आधी कोण, या वादात मी पडत नाही. त्यांनाही नमस्कार.)

आणखी एक. स्टॉलमन यांनी हे श्रेय तुमचं नाव घेऊन, 'अतिशय कल्पक माणूस' म्हणून, जाहीरपणे दिलं. दुसऱ्याचा विनोद स्वतःच्या नावावर खपवणारे आमच्याकडे पैशाला पासरी. पाकीट फेकून देऊन गप्प बसले असते तर कुणाला कळलं असतं?

आख्यानं आता वाचता येतात. फक्त 'ऱ्हास'मधला ऱ्ह फुटत होता. तो भाचीने दुरुस्त केला आणि कन्व्हर्टरवाल्यांकडे पाठवून दिला, त्याच अटीवर.

कळावे, लोभ असावा.