जमाखर्चाची नवी वही

जर्सी सिटी,
रविवार, १४ एप्रिल २०२४

तीर्थरूप आई व बाबा यांस,
कृतानेक साष्टांग नमस्कार वि. वि.

मी इकडे खुशाल आहे. प्रकृती, जेवणखाण आणि नोकरी यांविषयी फोनवर बोलणे होतेच, म्हणून ते पुन्हा लिहीत नाही. गेल्या रविवारी मी जमाखर्चासाठी विकतचे ॲप घेतल्याचे सांगितले, तेव्हा बाबांनी विचारले, "पैसे मोजायलासुद्धा पैसे द्यायचे?" आणि मी चिडून उत्तर दिले. फोन ठेवल्यावर मला फार वाईट वाटले. प्रश्न रास्त होता, पण त्याचे उत्तर दोन वाक्यांत मावणारे नव्हते, म्हणून सविस्तर लिहिते आहे. धाकट्याला हे पत्र मोठ्या अक्षरांत छापून आणायला सांगितले आहे. ऑपरेशन झालेल्या डोळ्याने बाबांनी ते मोबाइलवर वाचू नये.

इकडे आल्यापासून, म्हणजे ऑगस्ट २०१८ पासून, मी जमाखर्चासाठी मिंट हे ॲप वापरत होते. ते फुकट होते आणि त्याचा खर्च कर्जांच्या व क्रेडिट कार्डांच्या जाहिरातींतून निघत असे. इन्ट्यूट कंपनीने २००९ साली विकत घेतलेले हे ॲप त्यांनी या २३ मार्चला बंद केले. वापरकर्त्यांना त्यांच्याच क्रेडिट कर्मा या सेवेत येण्याचे निमंत्रण होते. परंतु खर्चाच्या एकेका बाबीला दरमहा मर्यादा घालण्याची जी सोय मला हवी होती, ती तेथे नव्हती. म्हणून मी 'यू नीड अ बजेट' घेतले, ज्याला इकडे सगळे वायनॅब म्हणतात. ३४ दिवस ते विनामूल्य वापरून पाहता येते आणि त्यानंतरच्या वर्षाचे ९९ डॉलर मी भरले. आजच्या दराने हे सव्वाआठ हजार रुपये झाले. बाबा, ही रक्कम लहान नाही याची मला जाणीव आहे आणि ती मी विचार न करता दिलेली नाही.

दोन्ही ॲपमधला फरक आईला लगेच कळेल. पूर्वीचे ॲप झालेल्या खर्चाची आपोआप वर्गवारी करून दाखवत असे आणि बाहेरच्या जेवणावर मर्यादेपेक्षा अधिक पैसे गेले, हे मला ते गेल्यानंतर समजत असे. नवे ॲप पुढच्या पगाराचा एक पैसाही हिशेबात धरू देत नाही. आज हातात आहे तेवढीच रक्कम घ्यायची आणि तिच्यातल्या प्रत्येक डॉलरला आधी काम नेमून द्यायचे: घरभाडे, वीज, रेल्वेचा पास, औषधे. जेसी मेकम नावाच्या एका नवविवाहित विद्यार्थ्याने स्वतःच्या संसारासाठी केलेल्या तक्त्यातून ते २००४ साली उभे राहिले. आई, बाबांचा पगार झाला की तू पलंगावर बसून जुन्या लग्नपत्रिकांच्या पाकिटांत नोटा घालत असायचीस, आणि छापील वधूवरांच्या नावांवर पेन्सिलीने 'गॅस', 'दूध', 'गणपती वर्गणी' असे लिहायचीस, तेच हे आहे. दुधाच्या पाकिटातून गॅससाठी उचल केली की तू आत चिठ्ठी टाकायचीस. येथेही एका बाबीत कमी पडले तर दुसऱ्या कोणत्या बाबीतून आणले ते मला स्वतः ठरवावे लागते.

बाबांची दुसरी काळजी बँकेच्या पासवर्डची होती. मी तो कोणालाही दिलेला नाही. जोडणी करताना बँकेचे स्वतःचे पान उघडते, मी तेथे ओळख पटवते आणि ॲपला केवळ व्यवहार वाचण्याची परवानगी मिळते. पैसे हलवण्याचा अधिकार त्याला मिळत नाही. आपल्याकडेही रिझर्व्ह बँकेच्या नियमांखाली २०२१ पासून चालणारी अकाउंट ॲग्रिगेटरची, म्हणजे खातेदाराच्या खात्यांची माहिती दुसऱ्या संस्थेला पोहोचवण्याची, व्यवस्था अशाच संमतीवर उभी आहे, हे बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला मी सांगायला नको. एक चूक मात्र माझ्या हातून झाली. पहिल्या आठवड्यात मी एकच खाते दोनदा जोडले, त्यामुळे शिल्लक दुप्पट दिसू लागली आणि दोन दिवस मी वर्षभराची बेगमी झाल्याच्या आनंदात होते. आता दर शनिवारी बँकेच्या शिलकेशी मेळ घालते, जसा तुम्ही पासबुक भरून आणल्यावर घालता.

क्रेडिट कार्डाचीही भीती बाळगू नका. कार्डावर चाळीस डॉलरचे वाणसामान घेतले की तितके पैसे वाणसामानाच्या बाबीतून निघून कार्डाचे बिल भरण्यासाठी त्याच क्षणी बाजूला पडतात, त्यामुळे बिल येते तेव्हा रक्कम तयार असते.

आता एक गोष्ट नीट समजावून सांगते, कारण ती समजून घ्यायला मलाच सहा वर्षे लागली. येथे चार सहकारी जेवायला गेले, तर बिल कोण देणार यावरून आपल्यासारखी ओढाताण होत नाही. एकाचे कार्ड पुढे जाते आणि मग टेबलावरच फोन काढून प्रत्येकाने काय खाल्ले याची वाटणी होते. सूप कोणी घेतले, पाव कोणी जास्त मागवला, हे सारे पदार्थागणिक लिहिले जाते. त्यावरचा कर आणि वाढप्याची बक्षिसी हीसुद्धा त्याच प्रमाणात वाटली जाते. मग ज्याने पैसे भरले तो इतरांना व्हेन्मो या पैसे देण्याघेण्याच्या ॲपवरून मागणी पाठवतो आणि ते पैसे बहुधा घरी पोहोचण्याआधी येतात. पहिल्या वर्षी एका सहकारी मुलीने मला वाढदिवसाच्या चहाचे ३ डॉलर ७५ सेंट मागितले, तेव्हा माझे काय चुकले या विचाराने मला रात्रभर झोप लागली नव्हती. गिरगावात कोणी पाहुण्याकडे चहाचे पैसे मागितले असते, तर त्या घरी पुन्हा पाऊल ठेवले नसते. येथे त्यात कोणताही कोतेपणा नाही. दुसऱ्याचे देणे अंगावर ठेवणे त्यांना अवघड वाटते आणि दुसऱ्यालाही त्या अवघडलेपणातून ताबडतोब मोकळे करावे, अशी त्यामागची भावना असते.

अडचण होती ती हिशेबात. मागच्या महिन्यात ८६ डॉलर ४० सेंटचे बिल मी भरले. माझा वाटा २३ डॉलर १५ सेंटचा होता आणि उरलेले ६३ डॉलर २५ सेंट परत आले. पूर्वी माझ्या नोंदींत सगळे बिल माझ्या जेवणाचा खर्च म्हणून बसे आणि परत आलेले पैसे उत्पन्नात मोजले जात, त्यामुळे मी मिळवते त्याहून अधिक मिळवते आणि खाते त्याहून अधिक खाते, असे चित्र वर्षानुवर्षे दिसत राहिले. आता परत आलेली रक्कम मी जेवणाच्याच बाबीत जमा करते. बाबा, मी दर आठवड्याला हॉटेलांत उधळपट्टी करते असे तुम्हाला धाकट्याने त्या चित्रांवरून सांगितले होते. ते खरे नव्हते.

मिंट बंद होण्याआधी मी माझे सर्व व्यवहार उतरवून घेतले. साडेचार हजारांच्या आसपास ओळी भरल्या: तारीख, तपशील, रक्कम, वर्गवारी. नव्या ॲपमध्ये जुना इतिहास आणायचा नाही असे मी ठरवले होते, तरी एका संध्याकाळी त्या ओळी वाचत बसले. घरी पाठवलेले पैसे तेथे 'हस्तांतर' या वर्गात गेले होते, आणि हस्तांतर खर्चात मोजले जात नाही. म्हणून सहा वर्षांच्या एकाही आलेखात घर दिसत नव्हते. मी त्या ओळी वेगळ्या काढून मोजल्या. २०२२ मध्ये दहा वेळा पैसे पाठवले होते आणि २०२३ मध्ये चार वेळा. बाबांच्या डोळ्याच्या ऑपरेशनचे पैसे तर ऑपरेशन होऊन नऊ दिवस झाल्यावर निघाले होते. तुम्ही दर वेळी "पेन्शन पुरते, पाठवू नकोस" म्हणता आणि मी ते ऐकत गेले, कारण ऐकणे सोयीचे होते.

नव्या यादीत घरभाड्याच्या खाली दुसरीच ओळ 'गिरगाव' अशी आहे. पगार झाला की तिच्यात ३५० डॉलर पडतात आणि इतर बाबींत कमी पडले तरी त्यांना मी हात लावणार नाही. हे ॲप एका अंदाजपत्रकात दोन चलने चालवत नाही, म्हणून रुपयांचे दुसरे अंदाजपत्रक मी उघडले आहे. त्यातल्या नोंदी हातानेच कराव्या लागतात. बाबांनी रविवारी फोनवर वहीतील आकडे वाचून दाखवले तर मी त्या करीन. मला तुमचा हिशेब तपासायचा नाही. औषधांना आणि चाळीच्या दुरुस्तीच्या वर्गणीला किती लागतात, एवढेच माहीत असावे असे वाटते.

धाकट्याच्या लग्नाविषयी. डिसेंबरच्या तिकिटासाठी मी या महिन्यापासून दरमहा २०० डॉलर वेगळे ठेवते आहे. आठ महिन्यांत १,६०० होतील. यातून एक गोष्ट निघते आणि ती सांगणे जड जाते आहे. ७ सप्टेंबरला गणपती बसतील तेव्हा मी येऊ शकणार नाही. दोन तिकिटे आणि दोन रजा या वर्षी बसत नाहीत. आई, मी शब्द दिला होता, आणि तू उकडीच्या मोदकांसाठी सुवासिक तांदूळ सांगून ठेवला आहेस हेही मला ठाऊक आहे. माझ्यावर रागाव, पण मावशीला फोन करून तिला मदतीला बोलाव. एकटीने एकवीस मोदकांचा घाट घालू नकोस.

हॉलची अनामत भरण्यासाठी बाबांनी माझ्या लग्नासाठी ठेवलेली मुदत ठेव मोडण्याविषयी विचारले होते. ती खुशाल मोडा. मुदतीआधी मोडल्याने व्याज थोडे कमी मिळेल, ते मी भरून देते. मी लग्न करणार नाही असा याचा अर्थ कृपया काढू नका. मामींनी सांगितलेल्या ठाण्याच्या मुलाशी मी येत्या शनिवारी बोलणार आहे. बोलण्याआधी मामींनी कोणाला काही सांगू नये, एवढी विनंती. वहिनीच्या मंगळसूत्रासाठी वेगळी ओळ उघडली आहे. तिच्यात आज १२० डॉलर आहेत.

आजीला नमस्कार. पैसे सोमवारी रात्री निघतील. खात्यात जमा झाले की धाकट्याने कळवावे.

तुमची,
लेक